नदीचा तळ साफ करायला शिका

पोहायला शिकायचं तर विहीर लागते, गाडी शिकायची तर मोकळं पटांगण. नदीचा तळ साफ करायला शिकायचं असेल तर बारामती-इंदापूरला या. दोन तालुक्यांत तीन नद्या, अशी सोय सहसा मिळत नाही. कऱ्हा मोरगावावरून बारामतीत येते आणि पुढे सोनगावला नीरेत शिरते. नीरा दोन्ही तालुक्यांची दक्षिणेची हद्द राखत नरसिंहपूरला भीमेला भेटते. भीमा तर उजनी धरण बांधल्यापासून इंदापूरच्या अंगणातच येऊन बसली आहे. एकीवर हात बसला नाही तर दुसरी आहे, तिसरी आहे. घाबरू नका.

‘साफ’ या शब्दाने गोंधळू नका. पाण्यातला फेस, वास, जलपर्णी हा वेगळा विषय, त्याचे तज्ज्ञ वेगळे. आपण फक्त तळाचं बघणार. घरातल्या फरशीवरून बोट फिरवलं तर बोटाला काही लागू नये, तसा तळ. त्याच्यावर काही नको, त्याच्याखाली काही नको, आणि मुख्य म्हणजे तिथे कुणी राहायला नको. एवढं जमलं की तुम्ही पास.

तुमच्या वाटेत एकच अडथळा आहे. रिकामा शिंपला.

१. आधी अडथळा ओळखा

मेलेला शिंपला काय करणार, असं तुम्हाला वाटेल. सगळ्या नवशिक्यांना वाटतं. खरं तर जिवंत शिंपल्याचं काम सोपं. तो वाळूत अर्धा रुतून बसतो, पाणी आत ओढतो, गाळून बाहेर सोडतो आणि दिवसभर हेच करतो. त्याची पिल्लं सुरुवातीला माशांच्या कल्ल्यांना चिकटून फिरतात. म्हणजे मासे कमी केले की पुढची पिढी आपोआप बंद. पाणी आटवा, नासवा, तोही संपतो. त्यासाठी पुस्तक वाचायची गरज नाही.

मेल्यावर मात्र तो ऐकत नाही. आतलं मांस थोड्याच दिवसांत जातं, बिजागरीला धरून दोन शिंपा फुलपाखरासारख्या उघड्या पडतात, आणि मग त्या जायचं नाव घेत नाहीत. शिंपला म्हणजे जवळजवळ सगळा चुनाच. मऊ, आंबट पाण्यात तो लवकर झिजतो. आपल्याकडचं पाणी काळ्या कातळावरून आलेलं, जड. ज्या पाण्याने गीझरच्या कॉइलवर पांढरा थर चढतो, त्या पाण्यात शिंपल्याला विरघळायची घाई नसते. भीमेला मिळणाऱ्या घोड नदीच्या जुन्या गाळात हजारो वर्षांपूर्वीचे शिंपले निघाले आणि अभ्यासकांनी त्यांच्यावरून त्या गाळाचं वय काढलं. कऱ्हेचंही तेच. मोरगावजवळ तिने अश्मयुगातली दगडी हत्यारं आणि ज्वालामुखीची राख काठाच्या थरांत सांभाळून ठेवली होती. या नद्यांना जुनं काही टाकवत नाही. आमच्या आजीसारख्या. पुढे त्रास होईल, आधीच सांगून ठेवतो.

दोन प्रकार नजरेत ठेवा. एक लॅमेलिडेन्स: लांबट, पातळ, बाहेरून काळपट तपकिरी, आतून मोत्यासारखा झळकणारा. आजीने दगडावर घासून मधे भोक पाडलेला आणि कैरी सोलायला वापरलेला तो हाच. दुसरा पॅरेसिया: लहान, गोलसर, जाडजूड, पाठीवर सुरकुत्या. हा जास्त चिवट.

२. यंत्राच्या आधी शब्द

तळाला तळ म्हणायचं सोडा. सरकारदरबारी वाळू हे ‘गौण खनिज’ आहे. शब्द किती सोयीचा आहे बघा. खनिज, म्हणजे काढण्यासाठीच असलेलं. आणि वर गौण, म्हणजे काढलं तरी कुणाचं काही बिघडत नाही असं. मोजायचं ब्रासमध्ये, एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. २०२३ च्या धोरणात सरकारने एक ब्रास वाळू ६०० रुपयांना द्यायचं ठरवलं. त्या ६०० रुपयांत शिंपले किती, हे पावतीवर नसायचं. भाजीवाली वर कोथिंबिरीच्या चार काड्या टाकते, तसे ते येतात. आत राहणारेही त्यातच.

सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये, दीपक कुमार विरुद्ध हरियाणा या प्रकरणात, पाच हेक्टरपेक्षा लहान पट्ट्यातून वाळू काढायलाही पर्यावरणाची परवानगी लागेल असं सांगितलं. हे वाचून खचू नका. परवानगी दिवसा कागदावर लागते, वाळू रात्री निघते. दोघींची गाठ क्वचितच पडते.

३. शिंपला बशीत ठेवू नका

ही सूचना मी लाल अक्षरांत छापा म्हणालो होतो. चांगले होतकरू लोक इथेच वाया गेले आहेत.

होतं असं. तुम्ही पाहणीला म्हणून नीरेच्या एखाद्या बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला, घोटाभर वाहत्या पाण्यात उतरता. पायाला शिंपला लागतो. तो पालथा असतो, कारण खोलगट बाजू वर राहिली तर प्रवाह त्याला उलटवतो. कूस बदलत बदलत शेवटी तो पाठ वर करूनच स्थिर होतो. तुम्ही तो सहज उचलता. इथपर्यंत ठीक आहे. आता तो लांब भिरकावून द्या. खिशात घालू नका. आणि घरी नेऊन पांढऱ्या बशीत पाणी घेऊन त्यात तर मुळीच ठेवू नका.

नाहीच ऐकलंत तर निदान पहिल्या दोन मिनिटांत उठा. तेवढ्या वेळात काही दिसत नाही. ओला, शेवाळलेला कवचाचा तुकडा, बाकी काही नाही. मग पाणी निवळतं. शिंपल्याच्या कडेला वाळूचा ठिपका वाटला होता तो सरकतो. ती कॅडिस माशीची अळी असते. तिने वाळूचे कण एकेक निवडून स्वतःच्या रेशमाने चिकटवलेले असतात आणि त्या नळीतून ती डोकं बाहेर काढून बघत असते. तिची दुसरी एक जातवाली घर बांधत नाही, प्रवाहाच्या तोंडाला जाळं ताणते आणि वाहत येईल ते खात बसते. जाळ्याची दोरी बांधायला खुंटी हवी, ती खुंटी म्हणजे शिंपल्याची कड. पाठीवरच्या शेवाळावर मेफ्लायचं पिल्लू चरत असतं. शेपटाला तीन केस, अंगाच्या दोन्ही बाजूंना कल्ल्यांची पानं, आणि ती पानं सारखी थरथरत असतात. पुढे त्याला पंख फुटले की आयुष्य एखाद्या दिवसाचं. म्हणजे त्याने काढलेले सगळे महिने या शिंपल्यावरच गेले.

आता शिंपला उलटा करू नका, असं सांगून उपयोग नाही; तुम्ही करणारच. आतल्या झळाळीवर एक चपटी जळू चिकटलेली असते. ती हलत नाही म्हणून तुम्ही काडी लावता, तेव्हा कळतं की तिने पोटाखाली पिल्लं धरली आहेत. एका कोपऱ्यात गोगलगायीची अंडी, साबुदाण्याच्या खिरीसारखी. बिजागरीजवळच्या गाळात रक्तासारखी लाल अळी वळवळते. अंगात हिमोग्लोबिन असल्याने ती कमी प्राणवायूतही तग धरते, बाकीचे गेले तरी शेवटपर्यंत राहते. आणि सगळ्यात आत, अंधारात, चतुराचं पिल्लू. ते शांत बसलेलं असतं, आणि मेफ्लाय जवळून गेलं की त्याचा खालचा ओठ बिजागरीच्या हातासारखा पुढे झेपावतो आणि परत मिटतो. बशीत. तुमच्या डोळ्यांसमोर.

एवढं पाहिल्यावर माणूस उपशाच्या कामाचा राहत नाही. एका शिकाऊ उमेदवाराने तर चहा गार होऊ दिला आणि शिंपला होता तिथे परत ठेवायला नदीवर गेला. त्याच्याबद्दल वाईट वाटतं.

बशी टाळता आली नाही तर निदान कारण समजून घ्या, म्हणजे कुठे घाव घालायचा ते कळेल. वाहत्या नदीतली वाळू सारखी सरकत असते. सरकत्या वाळूवर शेवाळ धरत नाही, अंडी चिकटत नाहीत, जाळं बांधता येत नाही. आठवडे बाजारात सगळे उन्हात पथारी टाकून बसलेले असावेत आणि मधेच एकाला पक्का ओटा मिळावा, तसा त्या वाळूत शिंपला असतो. त्याच्या आडोशाला प्रवाह मंद होतो, तिथे पानांचा चुरा साचतो, चुऱ्यावर जगणारे येतात, त्यांना खाणारे येतात, आणि खाणाऱ्यांना चुकवणारे आत घुसतात. वर गच्ची, खाली तळघर, भाडं शून्य. बांधणारा मरून गेला तरी इमारत उभी. जोन्स, लॉटन आणि शाचाक या तीन शास्त्रज्ञांनी १९९४ मध्ये अशा जिवांना ‘परिसंस्थेचे अभियंते’ म्हटलं. २००३ मध्ये तर खास कवचांवरच लेख आला की मेल्यानंतरही यांचं बांधकाम चालूच असतं. आफ्रिकेतल्या टांगानिका तलावात काही मासे आयुष्यभर गोगलगायींच्या रिकाम्या शंखांत संसार करतात. अशी माहिती वाचत बसू नये, मन कच्चं होतं.

४. यंत्राची निवड

फावडं-घमेलं हौशी लोकांसाठी. त्यात निवडक वाळू निघते आणि निम्मे शिंपले मागेच राहतात. गंभीरपणे करायचं तर सक्शन बोट. फायबरची बोट, तिच्यावर इंजिन, खाली सोडलेला पाईप. पाईपच्या तोंडातून वाळू, शिंपला, जळू, जळूची पिल्लं, चतुर सगळे एकाच रांगेने वर येतात. इथे वशिला चालत नाही. जिथून उपसलं तिथे खड्डा पडतो, आणि उठलेला बारीक गाळ खालच्या अंगाला जाऊन तिथल्या शिंपल्यांच्या पोकळ्या भरून टाकतो. म्हणजे एका ठिकाणच्या कष्टात दोन ठिकाणं साफ. ही बचत लक्षात ठेवा.

फाट्यावर मोटारसायकलवर एक मुलगा ठेवा. त्याचं काम ‘लोकेशन’ देणं. साहेबांची गाडी वळली की फोन. तरी कधीतरी महसूलचं पथक पोहोचतंच, बोट पकडतं आणि जिलेटिन लावून पाण्यातच उडवून देतं. उजनीच्या पाणलोटात हे नेहमीचं आहे. तुमचं झालेलं नुकसान मी समजू शकतो. पण तळाच्या बाजूने विचार करा. बोट होती तोवर तो पाईपने हलत होता, आता स्फोटाने हलला. कामात खंड पडला नाही.

५. ज्यांना अब्रू आहे त्यांच्यासाठी

रात्रीची जागरणं सगळ्यांना झेपत नाहीत. हेच काम दिवसाढवळ्या, नारळ फोडून, फोटो काढून करता येतं. त्याला खोलीकरण म्हणतात, रुंदीकरण म्हणतात, सुशोभीकरण म्हणतात. पोकलेन आणा, तळ एका पातळीत आणा, काठ सरळ करा, दगड बसवा. वाकडीतिकडी नदी सरळ झाली की पाणी जोरात जातं आणि उरलेले शिंपले स्वतःच्या पायाने निघून जातात. पाय नसतात, हे मान्य.

‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना २०१७ पासून आहे आणि शेताला गाळ चांगलाच. ट्रॉलीभर गाळ उसाच्या रानात पसरला की चार दिवसांनी सरीत पांढरे शिंपले चमकतात. पाखरं येऊन बघून जातात. कोरड्या ठणठणीत रानात नदीतलं घर कशाला आलं, हा प्रश्न त्यांना पडत असेल.

बंधाऱ्याचे ढापे टाकले तरी काम होतं. पाणी थांबलं की गाळ बसतो, गाळ बसला की शिंपला गाडला जातो. वाहत्या पाण्याचे भाडेकरू निघून जातात, ती लाल अळी तेवढी राहते. तिला राहू द्या. कुणीतरी सांगायला हवं ना की इथे नदी होती.

६. मोत्याचा मार्ग

हल्ली गावोगाव मोत्याच्या शेतीची शिबिरं भरतात. शास्त्र खरं आहे. भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेने ते विकसित केलं आणि त्यात वापरतात तो आपला लॅमेलिडेन्सच. शिंपला जरा उघडायचा, आत मणी बसवायचा, टाकीत लटकवायचा, वर्ष-दीड वर्ष थांबायचं. शिबिरात एक प्रश्न मात्र हळू आवाजात विचारला जातो: शिंपले आणायचे कुठून? उत्तरही तसंच हळू येतं. नदी आहे की.

हा मार्ग धरणाऱ्याने अमेरिकेतल्या मस्कॅटिन गावाची गोष्ट ऐकावी. जर्मनीहून आलेल्या जॉन बेपलने १८९१ च्या सुमाराला तिथे मिसिसिपी नदीच्या शिंपल्यांपासून बटणं करायला सुरुवात केली. १९०५ पर्यंत ते एक गाव वर्षाला दीड अब्ज बटणं करू लागलं. शर्टाच्या बटणाएवढी भोकं पडलेल्या शिंपांचे डोंगर लागले, नदीतले शिंपले विरळ झाले. आणि बेपल? नदीत उतरलेला असताना शिंपल्याने पाय कापला, जखम चिघळली, १९१२ मध्ये गेला. त्या एका शिंपल्याचा निशाणा चांगला होता, एवढंच म्हणेन. तुम्ही गमबूट घाला.

७. उजनी मायनसमध्ये गेली की

उजनीत सुमारे ११७ टीएमसी पाणी मावतं, त्यातलं सुमारे ६३ टीएमसी मृतसाठा. उन्हाळ्यात पाणी त्याच्याही खाली उतरलं की आपल्याकडे म्हणतात, उजनी मायनसमध्ये गेली. हा तुमच्या सुट्टीचा हंगाम. काठ मैलमैल मागे सरतो, चिखलाला भेगा पडतात, मागे राहिलेले शिंपले तोंड घट्ट मिटून पाण्याची वाट बघतात आणि उन्हात मरतात. पळसदेवचं जुनं देऊळ पाण्याबाहेर येतं. लोक गाड्या करून बघायला येतात आणि देवळापर्यंत शिंपल्यांवरून कुरकुर वाजवत चालत जातात. चप्पल काढतात ती देवळापाशी.

इथे तुम्हाला एक प्रतिस्पर्धी भेटेल, मुग्धबलाक. करकोच्याच्या जातीचा, चोच मिटली तरी मधे फट राहणारा. तो या चोचीने शिंपला सफाईने सोडवतो, आतला ऐवज खातो आणि कवच तिथेच टाकून जातो. त्याची पद्धत चुकीची आहे. मांस घेतो आणि घर ठेवतो! पुढच्या पावसात पाणी चढलं की त्या घरांत पुन्हा भाडेकरू. त्याच्याकडून काही शिकू नका. भिगवणला रोहित पक्षी बघायला आलेल्यांकडूनही धोका नाही. त्यांच्या दुर्बिणी वर असतात. नावेखाली काय आहे हे एकाने विचारलं होतं म्हणे, नावाड्याने “चिखल” सांगितलं.

८. कुणी विचारलंच तर

विचारतील. विशेषतः वयाने मोठे मासेमार. एक मामा मला म्हणाले, “आमच्या लहानपणी पाण्यात पाय टाकला की शिंपली टोचायची. आता पिंढरीपर्यंत चिखल लागतो आणि जाळ्यात नुसती चिलापी.” अशा वेळी वाद घालू नका. “मामा, तेव्हा पाय कापायचे, आता कापत नाहीत, ही सुधारणाच की,” असं म्हणा. मामा थोडा वेळ बघतात आणि जाळं आवरायला लागतात.

‘किड्यांवर मासे जगतात’ असं कुणी म्हणालं तर ‘मत्स्यबीज सोडू’ म्हणा. ‘त्या माशांनी खायचं काय?’ असं पुढे विचारलं तर चहा मागवा.

९. शेवटची पायरी: ढीग

वाळू आली. हायवाने ती नव्या बंगल्यासमोर रस्त्यात अर्धी, गटारात अर्धी ओतली. इथे तुमचं काम संपलं, पुढचं गवंडी बघतो. तो तिरकी चाळणी उभी करतो, फावड्याने वाळू फेकतो. बारीक पलीकडे पडते, खडे आणि शिंपले अलीकडे घरंगळतात. चुकून एखादी शिंप प्लास्टरमध्ये गेली तर भिंतीवर फुगवटा येतो. थापीने ठोकून काढायला सांगा आणि तेवढी जागा परत भरून घ्या.

अलीकडे घरंगळलेल्या शिंपल्यांपाशी संध्याकाळी पोरं येतात. हे दरवेळी होतं, त्याला इलाज नाही. एक पोरगी त्यातली मोठी शिंप उचलेल, फ्रॉकला पुसेल, आतली झळाळी उन्हाला धरेल. आत एका कडेला वाळूच्या कणांची छोटीशी नळी अजून चिकटलेली असेल, ती नखाने खरवडेल. मग तुमच्याकडे येऊन विचारेल, “काका, हे समुद्रातलं आहे का?”

हो म्हणा.